रेघा नसलेला तळहात

खूप जुना काळ. इतका जुना, की त्या राजाचं नावही आता कुणाला आठवत नाही. धुरपाचं मात्र आठवतं. का, तेच तर ऐका.

डोंगरावरच्या एका गडावर राजाचा दरबार होता. त्याची काळ्या दगडाची फरशी अशी लख्ख, की परमुलखातले वकील आत पाऊल टाकताना थबकत. पाणी तर साचलं नाही ना, असं त्यांना वाटे. ही फरशी धुरपा घासायची. राख, चुना आणि काथ्याचा बोळा घेऊन ती पहाटे उकिडवी बसे, ती दुपारी उठे. लोक फरशीची वाहवा करत, आणि धुरपा दिसली की अंगरखे सावरून बाजूने जात. जगाची रीतच न्यारी.

तिची झोपडी डोंगराच्या पायथ्याशी. वर्षानुवर्षं बसून बसून तिचे गुडघे आता खुंट्यासारखे ताठ झाले होते; खाली बसायलाच घटकाभर लागे, आणि रोजची चढण सोसेना. पण काम सुटलं तर चूल थंड पडणार, कारण घरात दुसरं कमावणारं कुणी नव्हतं.

अशात नवा राजा गादीवर आला. त्याने दवंडी पिटवली, की गडावर राबणाऱ्या प्रत्येकाने दरबाराच्या नुकताच चुना दिलेल्या ओल्या भिंतीवर तळहाताचा ठसा उमटवावा. ज्याचा ठसा, त्याला गडावर घर. धुरपाच्या जिवात जीव आला.

ठरल्या दिवशी आचारी आले, घोड्यांचे मोतद्दार आले, पहारेकरी आले. राजज्योतिषी प्रत्येकाचा ठसा निरखून त्याचं नशीब वाचून दाखवी आणि कारभारी घर नेमून देई. सगळ्यांच्या शेवटी, अर्थातच, धुरपाला बोलावलं. तिने हात पदराला पुसून चुन्यावर टेकवला.

ज्योतिषी वाकला. पुन्हा वाकला. ठशात पाच बोटं होती, तळवा होता, पण रेघ म्हणून एक नव्हती.

"ज्या हाताला रेघ नाही, त्याला नशीब नाही," तो म्हणाला. "अशा माणसाला गडावर जागा देणं शास्त्रात बसत नाही."

कारभाऱ्याने मान डोलावली. ठसा पुसायला गवंडी थापी घेऊन पुढे सरसावला.

राजाने हात वर करून गवंड्याला थांबवलं. राजा तरुण होता, त्याला अजून प्रश्न पडत असत. त्याने धुरपाला विचारलं, की तुझ्या हातावर रेघा कधीच नव्हत्या का?

"हुत्या की, महाराज. लगीन ठरलं तवा आईनं मेंदी लावली, तवा बघितल्या म्या. मग ही फरशी घासाया लागले. निम्म्या दगडानं खाल्ल्या, निम्म्या चुन्यानं."

राजा उठला. आधी तो सिंहासनामागच्या सांदीत गेला, जिथे कुणाचा हात पोचत नसे. तिथे छिन्नीचे घाव जसेच्या तसे होते, बोटं खरचटावीत असे. मग तो दरबाराच्या मधोमध आला, गुडघ्यांवर बसला आणि त्याने फरशीवरून हात फिरवला. कुठे एक खाच लागेना. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंतचा सगळा दगड एका बाईच्या हातांनी गुळगुळीत केला होता.

आता, त्या दरबाराचा एक कडक रिवाज होता. राजाच्या मस्तकापेक्षा कुणाचं मस्तक उंच असू नये. राजा खाली बसलेला पाहून सगळ्यांची तारांबळ उडाली. सरदार बसले, कारभारी बसला, ज्योतिषी पोथी सावरत बसला. तरी पुरेना, कारण राजा आणखी वाकून दगड न्याहाळत होता. शेवटी सगळ्यांनी कपाळं टेकली. धुरपानेही बसायची धडपड केली, पण गुडघे लवकर वाकेनात. भर दरबारात ती एकटी उभी राहिली.

ती घाबरली. मग तिने समोर पाहिलं आणि घाबरायचं विसरूनच गेली. जन्मभर तिने या माणसांचे फक्त जोडे पाहिले होते. आज तिला त्यांच्या पगड्या दिसत होत्या, आणि पगड्यांच्या मधून लखलखणारी तिची फरशी. रोज समोरचा हातभर तुकडाच काय तो तिच्या नजरेत असे. एवढी सगळी फरशी तिने कधी डोळे भरून पाहिलीच नव्हती. एवढं मी केलं? तिला खरं वाटेना.

"खाली वाक," एक पहारेकरी पडल्या पडल्याच खेकसला.

"राहू दे तिला," राजा म्हणाला. "आमच्या फरशीने तिचे गुडघे घेतले. तिला वाकायला सांगणारे आम्ही कोण?"

त्याच दिवशी धुरपाला दरबाराशेजारी घर मिळालं आणि बसून खाण्याइतका शिधा. तिचा ठसा भिंतीवर राहिला. फरशी घासायची पाळी मात्र राजापासून सगळ्यांवर आली. पहिल्याच पाळीला ज्योतिषीबुवांना उठवायला दोन माणसं लागली, आणि त्यानंतर त्यांनी कुणाच्या हातावरच्या रेघांबद्दल तोंड उघडल्याचं कुणाला आठवत नाही.

लहानांनो आणि थोरांनो, गाठीला बांधा: आपल्या पायाखाली जे लखलखतं, ती कुणाच्या तरी देहाची झीज असते; त्या माणसापुढे आधी आपली मान लवावी.