बागेसमोरचं घर

महापालिकेने मथुराबाई खामकरांच्या दोन खोल्यांची घरपट्टी एकदम दुप्पट केली. कारण काय, तर घर उद्यानासमोर आहे. नकाशात तिथे खरोखरच हिरवे उद्यान होते. जमिनीवर मात्र महापालिकेच्याच गाड्या रोज कचरा ओतत. ब्लाउज शिवून जगणाऱ्या बाईंना एवढी पट्टी भरायची तर घरच विकावे लागले असते.

त्यांनी हरकत घेतली. शेजारी म्हणून सुनावणीला मीही गेलो. करनिर्धारण अधिकारी वाघुळदे गार हवेच्या दालनात अत्तर लावून बसले होते. आपली पाळी येण्याची वाट बघत भिंतीपर्यंत माणसे उभी होती.

"आजी, लोक बागेसमोर राहायला तडफडतात आणि तुम्ही रडता?" वाघुळदे हसले. "नकाशा कधी खोटा बोलत नाही."

ते इतक्या ठामपणे बोलले की क्षणभर मलाच वाटले, आपल्या नाकाचे काही चुकत असेल.

मथुराबाईंनी हात जोडले. "चुकलंच माझं, साहेब. मग उद्याच्या सुनावण्या आमच्या बागेतच घ्या की. हिरवळीवर खुर्ची मांडते, चहा मी आणते."

"डोकं फिरलंय का?" साहेब कडाडले. "त्या उकिरड्यात बसू मी?"

मथुराबाई शांतपणे सुनावणीची नोंद घेणाऱ्या कारकुनाकडे वळल्या.

"भाऊ, साहेब आत्ता काय म्हणाले ते लिहून घ्या. माझी हरकत तेवढीच आहे."

पट्टी पुन्हा पहिल्याइतकी झाली. नकाशातले उद्यान मात्र अजून बहरलेले आहे.