पाहुण्यांनी मागितलेला गडी

हिरडगडच्या महाराजांनी विलायतेत आइस हॉकी पाहिली आणि परत येताच राजवाड्यामागे बर्फाचं मैदान करून घेतलं. संघात सर्वांत जास्त गोल त्यांचे मेव्हणे रायाजीराव करत, तरी संघ हरायचा. धोंडिबाने आजवर एकही गोल केला नव्हता. तो नुसता समोरच्याच्या वाटेत आडवा जायचा, पण तो खेळला की संघ जिंकायचा.

आता कप्तान कोणाला करायचं?

"गोल मोजा आणि ठरवा," रायाजीराव म्हणाले. महाराजांना पटलं.

"सामने धोंडिबामुळे जिंकतो, सरकार," कारभारी म्हणाले. महाराजांना तेही पटलं. त्यांनी पगडी काढली, डोकं खाजवलं, पुन्हा घातली. त्यात मेव्हणे पडले राणीसाहेबांचे लाडके भाऊ.

शेवटी राणीसाहेबच म्हणाल्या, "उद्या नांदगिरीकरांशी मैत्रीचा सामना आहे. अशा सामन्यात पाहुण्यांना आपला एक गडी द्यायची रीत आहे. कोणता हवा ते त्यांनाच विचारा."

"मलाच मागणार," रायाजीरावांनी मिशीवरून हात फिरवला.

जासूद जाऊन आला. "सरकार, ते धोंडिबाला मागतात."

"आणि माझं नाव कोणी काढलंच नाही?" रायाजीरावांनी विचारलं.

जासूद चाचरला. "काढलं ना. म्हणाले, रायाजीरावांना मात्र शेवटपर्यंत तुमच्याच बाजूने खेळवा."

महाराजांनी पगडी नीट बसवली. राणीसाहेबांनी कप्तानाचा पट्टा धोंडिबाकडे पाठवला आणि भावासाठी गार सरबत मागवलं.