राजाने गळ्यातली सरी काढली

एकदा काय झालं, सात समुद्रांपलीकडे एक हिरवंगार बेट होतं. तिथे केल्ट नावाचे लोक राहायचे. भारी हौशी, बरं का! बायका तर बायका, पुरुषसुद्धा अंगभर सोनं घालायचे. त्यांचा राजा होता कोनल. त्याच्या गळ्यात सोन्याची जाड सरी. आपल्याकडे असते तशीच, पण दोरासारखा पीळ दिलेली आणि पुढून थोडी उघडी. ती एकदा घातली की मरेपर्यंत काढायची नाही. काढली, की राजेपण गेलं!

एका वर्षी तिथलं तळं आटायला लागलं. गुरं तहानेने हंबरू लागली. म्हातारी माणसं म्हणाली, “तळं रुसलंय. राजाने आपलं जिवापाड जपलेलं काहीतरी त्याला द्यायला हवं.”

मग राजाने पेटीभर बांगड्या तळ्यात टाकल्या. सकाळी बघतात तो काय! सगळ्या बांगड्या काठावर!

मग राजाला वाटलं, दुसऱ्या कुणाचं जिवापाड जपलेलं दिलं तरी चालेल. तो गेला ब्रिगिन सोनारणीकडे. तिच्या शालीला एक मोठी पिन होती. तिच्या मेलेल्या आईने घडवलेली. पिनेवर एकच तार फिरत फिरत गेलेली, तिची गाठ झालेली. त्या गाठीला ना सुरुवात, ना शेवट. म्हणजे काय, माहितीय? आपली माणसं आपल्यापासून कधी सुटत नाहीत.

“ती पिन दे,” राजा म्हणाला.

ब्रिगिनने पिन मुठीत घट्ट धरली. “महाराज, आईची एवढीच आठवण आहे हो माझ्याकडे!”

राजाने ऐकलंच नाही. पिन ओढून घेतली आणि दिली भिरकावून तळ्यात. आणि काय सांगू बाळांनो! पिन पाण्याला टेकली मात्र, तळ्याने ती थू करून परत फेकली! थेट राजाच्या पायाशी! शिवाय पाणी आणखी हातभर खाली गेलं.

ब्रिगिनने पिन उचलली, पदराला पुसली. म्हणाली, “महाराज, तळं माझं नाही मागत. तुमचं मागतंय.”

अगं बाई! राजाला असं बोलायचं? राजाचा हात तलवारीवर गेला. तेवढ्यात चिखलात रुतलेलं एक वासरू हंबरलं. त्याची जीभ सुकून बाहेर आली होती. राजा बघतच राहिला. मग त्याने तलवार सोडली, दोन्ही हात गळ्याशी नेले आणि सरी फाकवली.

“नको, महाराज!” लोक किंचाळले. सरीखालची मान कशी होती, सांगू? पांढरीफटक, तान्ह्या बाळासारखी. राजाने डोळे मिटले आणि सरी पाण्यात टाकली.

मग बुडबुड, बुडबुड... तळाच्या भेगांतून पाणी वर यायला लागलं! राजा धावला. वासराला खांद्यावर घेऊन कमरेइतक्या पाण्यातून बाहेर आला.

“आता मी तुमचा राजा नाही,” तो म्हणाला. मग ब्रिगिनसमोर मान खाली घातली. “बाई, मी चुकलो.”

राजा माफी मागतो? लोक आ वासून बघत राहिले. ब्रिगिनने वासराला खाली उतरवून घेतलं आणि म्हणाली, “घरी चला, महाराज. गारठाल.”

‘महाराज’ म्हणाली, बरं का! मग सगळेच म्हणाले, “चला, महाराज!”

कोनलने पुढे पुष्कळ वर्षं राज्य केलं, मोकळ्या गळ्याने. तळं भरलं, गुरं पाणी प्यायली, माणसं सुखात राहिली. चला, आता मिटा बघू डोळे.