चांगलंही नाही, वाईटही नाही असं वर्ष

पिंपळगडच्या सुजाणराजांनी पगड्यांच्या कारखान्यात निम्मी पाती, म्हणजे निम्मी भागीदारी, विकत घ्यायचं ठरवलं आणि सगळ्या दरबाराने कपाळाला हात लावला! राजेसाहेबांची खरेदी सगळ्यांना ठाऊक होती. तरणाबांड म्हणून घेतलेल्या हत्तीला नुसतं उठवायलाच सगळे माहूत लागत. त्याचे पैसे फेडायला राजांनी चांदीच्या रुपयात तांबं मिसळायला सुरुवात केली, ती पुढे थांबलीच नाही. हे राजांना कळत नव्हतं असं नाही. "आमच्याइतकं भोळं गिऱ्हाईक आम्हालाही कधी भेटलं नाही," असं ते स्वतःच म्हणत आणि पुन्हा खरेदीला निघत.

या वेळी मात्र गावाचं पाणी पणाला लागलं होतं. तलावाचा बांध फुटायला आला होता, त्याला तीस हजार लागणार होते. खजिन्यात होते साठ हजार. आणि कारखान्याचे मालक केवळशेट नेमके साठ हजारच मागत होते.

"महाराज, यंदाचा नफा बारा हजार! निम्म्या पातीचे झाले सहा हजार. आमराई घेताना आपण दहा वर्षांचं उत्पन्न मोजतोच ना? तोच हिशेब लावा!"

"यंदाचा का?" दिवाण रायाजीपंत उसळले. "पटकीची साथ आली त्या सालचा धरा! तेव्हा तुमचा नफा आमच्या हत्तीच्या चाऱ्याइतकाही नव्हता!"

"ते साल वाईट होतं!"

"आणि यंदाचं फारच चांगलं आहे!"

दोघांच्या भांडणाने राजांचं डोकं भणभणलं आणि ते हट्टाला पेटले. "पुरे! आम्हाला असं वर्ष आणून दाखवा, जे चांगलंही नाही आणि वाईटही नाही. उद्या दुपारपर्यंत! नाही आणलंत, तर शेटजी म्हणतील ती किंमत!"

शब्द तोंडातून गेले आणि राजांच्या लक्षात आलं की आपण आपल्याच पायावर धोंडा पाडून घेतला. पण राजाचा शब्द! तो परत घेता आला असता, तर हत्ती कधीच परत केला नसता का? केवळशेट मिशीत हसत घरी गेले.

दुसऱ्या दिवशी दुपार कलायला आली, तरी कुणी वर्ष घेऊन आलं नाही. तेवढ्यात कोठीवरच्या मापाड्याची मुलगी सगुणी डोक्यावर ज्वारीचं पोतं घेऊन चौकात आली.

"महाराज, वरीस आनलंया!"

"पोत्यात?"

"मग कशात आनू? वरीसभर मानसं ज्वारीच खात्यात की!" तिने पोतं धपकन खाली ठेवलं. "शेट, मागल्या धा वर्सांचा नफा सांगा. वाढवून सांगितला तरी चालंल. धावा हिस्सा सरकारात भरावा लागतोय, त्यो बी वाढंल."

शेटजींचा आवाज एकदम खाली आला. त्यांनी खरे आकडे सांगितले.

दिवाणांनी भराभर बेरीज केली, दहाने भागलं आणि टाळी वाजवली. "वर्षाला छत्तीसशे! निम्म्या पातीचे दहा वर्षांचे अठरा हजार! जिंकलो!"

"थांबा पंत, ह्यो अन्याव हाय! धा वर्सामागं तीन रुपयांत पोतंभर ज्वारी येत हुती. आता सहा पडत्यात. तवाचा रुपया अन् आताचा रुपया एकाच ढिगात कसा टाकायचा?"

"पण रुपया इतका उतरला कशानं?" राजांनी विचारलं, आणि लगेच जीभ चावली. सगळा दरबार चौकातल्या हत्तीकडे बघू लागला. हत्ती गाढ झोपला होता.

"मला काय ठावं, महाराज?" सगुणीही तिकडेच बघत म्हणाली.

मग तिने प्रत्येक सालचा नफा त्या सालच्या भावाने ज्वारीत मोजला. शंभर पोत्यांना एक मापटं, असे चौकात दहा ढीग घातले. पटकीच्या सालचं एकच मापटं. यंदाची मात्र वीस मापटी!

"यंदा एवढा डोंगर कसा?" राजांना राहवलं नाही.

"युवराजांच्या लग्नात हरएकानं तीन-तीन नव्या पगड्या बांधायच्या, ह्यो हुकूम कुनाचा?"

"आमचा."

"पैसं कुनी दिलं?"

"तेही आम्हीच."

"मग यंदाच्याच नफ्यावर धा वर्सांची किंमत द्याल, तर युवराजांना धा लग्नं करावी लागतील की!"

युवराजांचा चेहरा उजळला. शेजारी युवराज्ञी बसल्या होत्या, म्हणून तो लगेच पडला.

सगुणीने सगळे ढीग एकत्र कालवले आणि त्यांचे पुन्हा दहा सारखे वाटे केले. प्रत्येकात आठ मापटी आली. त्यातल्या एका वाट्यावर तिने हात ठेवला.

"ह्ये बघा वरीस! चांगलं न्हाई, वाईट न्हाई. कवा उजाडलं न्हाई, पन धाच्या धा वर्सांचं मिळून झालंया. आठशे पोती. आजच्या भावानं अठ्ठेचाळीसशे रुपये. निम्म्या पातीचं धा वर्सांचं चोवीस हजार!"

केवळशेटनी एकदा दिवाणांच्या अठरा हजारांकडे पाहिलं आणि ते ओरडले, "मंजूर! मंजूर!"

खजिन्यात छत्तीस हजार उरत होते; बांध वाचला होता. राजे पोट धरून हसू लागले. "लग्न आमचं, पगड्या आमच्या, तांबं आमचं, आणि फसायलाही आम्हीच निघालो होतो! द्या हिला शंभर रुपये!"

सगुणी दोन पावलं मागे सरली. "रुपये नगं, महाराज. ज्वारी द्या!"

आता तर हसता हसता राजांची पगडीच कलली. "शंभर पोती द्या! आणि टाकसाळीला सांगा, आजपासून तांबं बंद. नाहीतर उद्या आमचे दिवाणसुद्धा पगार पोत्यांनी मागतील!"

रायाजीपंत हळूच खाकरले. "महाराज, माझा अर्ज कालच दिलाय."