सॉरी म्हणणारं गाव

फार जुन्या काळी डोंगरापलीकडे एक गाव होतं. तिथं माफी मागायला शब्दच नव्हता. ज्यानं दुसऱ्याचं नुकसान केलं, त्यानं त्याच्या घरी जाऊन एक दिवस राबायचं, एवढीच रीत. कुणाचा माठ फोडला? जा, त्याच्या घरी पाणी भर. संपलं.

एकदा परमुलखातला एक व्यापारी आला. त्याचा पाय एका म्हातारीच्या वाळवणात पडला. छातीवर हात ठेवून तो म्हणाला, "सॉरी."

"म्हणजे काय रे बाबा?"

"इंग्रजी शब्द आहे, आजी. म्हणजे मला मनापासून वाईट वाटतंय." आणि खाली बसून त्यानं एकेक सांडगा वेचून दिला.

लोकांनी शब्द तेवढा उचलला. वेचणं कुणी उचललं नाही!

पंचांनी तर ठरवूनच टाकलं, सॉरी म्हटलं की माणूस सुटला. मग काय विचारता! शेजारणीची चूल लाथेनं मोडली, सॉरी. उभ्या पिकातून गाडी घातली, सॉरी. तोंडाला काय कष्ट पडतात?

त्या गावात कोंडाबाई होती. सगळ्या गावाचं वालाचं बियाणं तिच्या वाडीत पिकायचं. पाटलाची म्हैस कुंपण मोडून आत शिरली. पाटील म्हणाला, "सॉरी." पुन्हा शिरली. "सॉरी." तिसऱ्यांदा शिरली आणि बियाण्याला राखलेली एक शेंग म्हणून उरली नाही.

कोंडाबाई पंचांपुढे उभी राहिली.

पाटील वैतागला. "म्हटलं ना सॉरी! आता काय पाय धरू?"

"पाय नको धरू पाटला, कोयता धर! काट्या तोड, कुंपण घाल, म्हैस बांध. तुला वाईट वाटून माझ्या वेलाला शेंगा लागत नाहीत!"

पंच हसले. "तो बोलला, विषय मिटला. जा घरी."

भातकापणी झाली. वाल पेरायला गाव टोपल्या घेऊन कोंडाबाईच्या दारात. तिनं बियाण्याचं गाडगं उपडं करून दाखवलं. दाणा नाही.

पाटलानं तोंड उघडलं, "सॉ..."

"गप रे!" अख्खं गाव ओरडलं. "ते पेरू का आम्ही?"

पाटील स्वतः परगावी बियाणं आणायला गेला. आठ दिवसांनी डोक्यावर पोतं घेऊन आला, तोवर जमिनीची ओल उडाली होती. त्या वर्षी कुणाच्या ताटात वाल पडला नाही, पंचांच्याही नाही.

तात्पर्य: वाईट वाटलं तर तोंडानं जरूर सांगावं, पण केलेलं नुकसान हातानंच भरून द्यावं, आणि वेळेत द्यावं.