व्हारचं पान, लेटचं पान

“मग दोष कुणाचा, बुवा? माझा की भाषेचा?”

खंडागळे बुवांनी मान वर केली नाही. मठाच्या भोजनशाळेत ते पत्रावळी मांडत होते. पंगतीला अजून तासभर अवकाश होता.

एके काळी हेच बुवा तंत्रनिकेतनात जावास्क्रिप्ट ही प्रोग्राम लिहायची भाषा शिकवत. शिरीष वाळिंबे त्यांचा सर्वांत हुशार विद्यार्थी. हे दोघांनाही ठाऊक होतं आणि शिरीष ते कधी विसरत नसे. आज तो डोंगर चढून आला तो फणफणतच.

तीन वाजता चौकशी होती. रुग्णवाहिका पाठवणाऱ्या केंद्राचा प्रोग्राम त्याने लिहिलेला. गेल्या मंगळवारी चालकाच्या हाती जी चिठ्ठी पडली, तिच्यावर गावाच्या जागी ‘अनडिफाइन्ड’, म्हणजे ‘किंमत भरलेली नाही’, एवढंच छापलेलं होतं. गाव कुठलं ते शोधण्यात चाळीस मिनिटं गेली. आजारी बाईचा नवरा फाट्यावर टॉवेल हलवत उभा राहिला.

बाई वाचली नाही.

“गावाची ओळ प्रोग्राममध्ये आहे, बुवा. मी लिहिलीय. फक्त क्वचित येणाऱ्या अतितातडीच्या कॉलसाठी चिठ्ठी छापायची ओळ तिच्या आधी आली.”

“आपली आपण आली?”

“…मी वर घेतली. चिठ्ठी लवकर निघावी म्हणून.”

“हं.”

“पण भाषेनं थांबायला नको? ती आधीच सगळी नावं वर उचलते. होइस्टिंग! तुम्हीच शिकवलंत. काम सुरू व्हायच्या आधी सगळा मजकूर एकदा नजरेखालून घालते, नावं नोंदून ठेवते. किंमत, म्हणजे आतली माहिती, मात्र त्या त्या ओळीवर पोचल्यावर भरते. मी ‘गाव’ हे नाव ‘व्हार’ या शब्दानं नोंदवलं होतं, म्हणून ते सापडलं आणि आत काही नव्हतं. दोष भाषेचा, एवढंच लिहून द्या. तुमच्या सहीला तिथे मान आहे.”

बुवांनी हातातली चवड खाली ठेवली.

“बस.”

“बुवा, मला वेळ नाही.”

“बस म्हणतो ना!”

शिरीष बसला. बुवांनी त्याच्यापुढे एक पत्रावळ मांडली.

“हे व्हारचं पान. माणूस यायच्या आधी मांडलेलं. जेव.”

“काय जेवू?”

“हात घाल.”

शिरीषने चिडून पानावर हात फिरवला.

“काय आलं हाताला?”

“काही नाही.”

“कुणी अडवलं?”

“…नाही.”

बुवांनी ते पान बाजूला सारलं. दुसरं मांडलं. तेही रिकामंच. आमटीचं ओगराळं उचलून ते त्याच्या डोक्याशी उभे राहिले.

“नाव नोंदवायचा दुसरा शब्द लेट. हे लेटचं पान. हेही आधीच मांडलेलं. घाल हात.”

शिरीषने हात पुढे केला. ओगराळ्याचा दांडा मनगटावर खाडकन बसला.

“आई गं! अहो, मारता काय?”

“वाढलेलं नाही अजून.”

“म्हणून मारायचं? मी काय लहान आहे?” तो ताडकन उठला. मनगटावर लाल वळ उमटला होता. “पोरखेळ लावलाय तुम्ही! तिकडे माझी नोकरी जायची वेळ आलीय…”

“पहिल्या पानावर ओरडला नाहीस.”

“पहिल्यावर मारलं नाहीत!”

“उपाशी तर तिथेही राहिलास.”



आत चुलीवर भाताला कढ येत होता. झाकण थडथडत होतं.

“हा फटका तुझ्या प्रोग्रामला कुणीच दिला नाही?” बुवांनी विचारलं. आवाज अगदी खाली आला होता.

शिरीष मनगट चोळू लागला.

“शिरीष.”

“आमच्या हाताखाली एक मुलगी आहे. मृण्मयी.” तो मनगट चोळत राहिला. “दीड महिन्यापूर्वी तिनं माझे सगळे व्हार काढून लेट घातले. मला न विचारता. दुसऱ्याच दिवशी तसा अतितातडीचा कॉल आला आणि प्रोग्राम बंद. पडद्यावर लाल ओळ… ‘गाव’ला किंमत मिळायच्या आधी हात लावता येणार नाही. केंद्रातले सगळे माझ्यावर तुटून पडले. साहेबांचा फोन.”

“लाल ओळीनं ओळ क्रमांक सांगितला होता?”

“…हो.”

“मग तू काय केलंस?”

“तिला झापलं. सगळ्यांसमोर.”

“प्रोग्रामचं विचारतोय.”

“…व्हार परत घातला.”

“आणि?”

“चालू झाला.”

बुवांचा चेहरा असा काळवंडला की शिरीष एक पाऊल मागे सरला. वर्गात हे बुवा कधी कुणावर चिडले नव्हते.  हातातलं ओगराळं त्यांनी भांड्यात टाकलं, तेव्हा आतला स्वयंपाकी दारात येऊन बघून गेला.

“चालू झाला,” बुवा म्हणाले. “गाढवा, चालू झाला!”



“तिला ठाऊक आहे हे,” शिरीष म्हणाला. “मंगळवारपासून ती माझ्याशी बोलत नाही. पण चौकशीत तिनं अजून काही सांगितलेलं नाही. तुमचं पत्र असलं तर… तिलाही सांगावं लागणार नाही.”

बुवा कोपऱ्यातल्या बाकाकडे गेले. मठाच्या नावाचा एक कागद काढला. त्याच्या अगदी तळाशी सही केली, तारीख घातली आणि कागद शिरीषच्या हाती दिला.

शिरीषने एकदा सही पाहिली, एकदा वरची कोरी जागा.

“बुवा… वर काहीच नाही.”

“तीन वाजेपर्यंत तू लिहायचंस.”

“मी? काय लिहू?”

बुवा पुन्हा खाली बसले होते. पत्रावळींची चवड त्यांनी मांडीवर घेतली.

“लाल ओळीनं काय सांगितलं होतं ते. आणि कोरा असताना हा कागद कुणाला दाखवलास, तर हे ओगराळं घेऊन मी स्वतः डोंगर उतरून येईन.”