मुंगळ्याची चाळीस पाने

एका जंगलात, ओढ्याकाठच्या आंब्याच्या ढोलीत, मुंग्यांच्या वसाहतीत एक म्हातारा मुंगळा राहत असे. मुलांनो, तो फार शिकलेला होता आणि तितकाच घाबरट. एका झाडावरचे बिऱ्हाड दुसऱ्या झाडावर कसे मांडायचे, याचे नियम पानांवर कोरण्याचे काम त्याच्याकडे होते. मागच्या खेपेला त्याने तीनच ओळी कोरल्या होत्या : ‘अंडी दिसली तर वरच्या कप्प्यात. दाणे दिसले तर खालच्या. बाकीचे जसेच्या तसे.’ बुरशी आलेला दाणाही दाणाच, म्हणून मुंग्यांनी तोही नेला. बुरशी वर चढली आणि निम्मी अंडी नासली.

यंदा सुतार पक्ष्याने खोडावर चोच आपटून सांगितले, “आजोबा, झाड आतून संपलंय. आठवडाभरात आडवं होईल. निघा!”

मुंगळा कोरायला बसला. अंड्याला चीर असली तर? वाटेत कोळ्याचे जाळे आले तर? एक नियम लिहावा, तर त्याला दोन अपवाद सुचत. खारूताई जाता जाता म्हणाली, “काय आजोबा, अंडं म्हणजे काय, तेसुद्धा लिहिलंत की नाही?” ती थट्टा करत होती. त्याने मात्र लगेच नवे पान ओढले, कारण ते लिहायचे खरेच राहिले होते. त्यात आणखी दोन पाने गेली.

सातव्या दिवशी झाडाच्या बुंध्याशी चाळीस पाने मांडली गेली. मुंग्या रांगेने वाचू लागल्या. अठराव्या पानावर लिहिले होते, ‘अंडे उचलण्यापूर्वी एकतिसावे पान पाहावे.’

“आजोबा, आम्ही नुसती उचलू का अंडी? येतं आम्हाला,” एक मुंगी म्हणाली.

तिला येते, हे त्याला ठाऊक होते. पण ती नासलेली अंडी त्याच्या डोळ्यांपुढून हलत नव्हती. “थांब गं बाई, तेवढं एकतिसावं वाचून घे.”

तेवढ्यात खोड कडाडले. आंबा ओढ्यात कोसळला आणि ढोलीत पाणी शिरले. बुंध्याशी उभ्या मुंग्या वाचल्या. अंडे एकही वाचले नाही. मुंग्या रिकाम्या तोंडाने नव्या बिऱ्हाडासाठी हेरलेल्या जांभळीकडे निघाल्या, आणि मुंगळ्याला त्यांच्या मागे जायचा धीर होईना.

तात्पर्य : थोडक्यात लिहिले तर काही राहून जाते, सगळे लिहिले तर वेळ निघून जाते. जे चुकल्यास जीव जाईल तेवढे आधी सांगावे आणि उरलेले ऐकणाऱ्याच्या समजुतीवर सोडावे. तरीही काही सुटेलच, हे सोसायची तयारी ठेवावी.